कुठेबाई

आमच्या भावजयीला डावं-उजवं कळत नाही. हे मी नणंद म्हणून खोचकपणे म्हणत नाहीये, खरंच कळत नाही. टॅक्सीवाल्याला उजवीकडे घ्या म्हणते आणि हात डावीकडे करते. तो बिचारा मान वळवून विचारतो, बाई, तोंडाचं ऐकू की हाताचं? मग ही हवेत बोटानं स्वतःचं नाव लिहून बघते. ज्या हातानं नीट जमलं तो उजवा. तोवर वळण मागे पडलेलं असतं आणि टॅक्सीवाला स्वतःशीच काहीतरी पुटपुटत असतो.

आणि पोटापाण्यासाठी ही बाई काय करते, तर कॉम्प्युटरला डावं-उजवं शिकवते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी इतकी हसले की वॉर्डातले पेशंट उठून बसले. मी हॉस्पिटलात सिस्टर आहे. आमच्याकडे हसण्यासारखं फार काही घडत नाही, त्यामुळे मिळेल ते मी सोडत नाही.

माझा धाकटा भाऊ तिला पहिल्यांदा घरी घेऊन आला तो दिवस मला चांगला आठवतो. हात धुवायला म्हणून आत गेली ती बाहेरच येईना. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढं ते घर, त्यात ही हरवली. शेवटी धुणं वाळत घातलेल्या गॅलरीतून चादरी बाजूला सारत बाहेर आली, वर तोंडभर हसत. आमचे बाबा शिंपी. खिडकीजवळच्या कोपऱ्यात त्यांचं शिवणयंत्र. आम्ही सगळे त्याला नुसतं मशीन म्हणायचो. बाबा गळ्यात टेप टाकून तिथे जन्मभर बसले. त्यांनी पायडल थांबवलं आणि तिला म्हणाले, इकडे ये, मशीनकडे पाठ करून उभी राहा, आता तुझ्या कातरीच्या हाताला स्वयंपाकघर. बाई खूश. त्या दिवसापासून त्या घरात ती कधी हरवली नाही, आणि बाबांचं आणि तिचं जे जमलं ते जमलंच. आम्ही पोटची पोरं बाजूलाच राहिलो.

तिचं ऑफिस म्हणजे एका दुकानाच्या वरचा मोठा हॉल. मधोमध एक लांब टेबल, त्यावर पेले, बशा, चेंडू, चमचे, एक रिकामी बरणी, आणि वर छताला कॅमेरा. आलेल्या-गेलेल्याला धरून ती त्या टेबलासमोर बसवते आणि विचारते, चेंडू कुठे आहे? चमचा कुठे आहे? दिवसभर कुठे, कुठे, कुठे. ऑफिसातल्या लोकांनी तिचं नाव कुठेबाई ठेवलं आणि ते भावानं घरी येऊन सांगितलं, म्हणजे झालंच. आता इमारतीतली पोरंसुद्धा तिला तेच म्हणतात आणि ती ओ देते.

मलाही एकदा बसवलं होतं. मी म्हटलं, चेंडू पेल्याशेजारी आहे, दिसत नाही का तुला? तिला दिसतच होतं, पण कॉम्प्युटरला आमच्यासारखं सांगता येत नव्हतं. तिनं मला चहा पाजून समजावलं. चमचा टेबलावर आहे असं आपण म्हणतो. टेबल चमच्याखाली आहे असं कुणी शहाणा माणूस म्हणत नाही, जरी ते खोटं नसलं तरी. आपण न सांगता मोठी, जागची न हलणारी, समोरच्याला ठाऊक असलेली वस्तू खूण म्हणून धरतो आणि बाकीचं तिला टांगतो. पेन्सिल पेल्याजवळ म्हणताना जवळ म्हणजे वीतभर, आणि दुकान शाळेजवळ म्हणताना तेच जवळ म्हणजे अख्खी गल्ली. कुणी पट्टी घेऊन मोजत नाही, तरी कुणाचं चुकत नाही. माणसं हे कसं करतात ते हजारो वाक्यांमधून शोधायचं, त्याचं गणित बसवायचं, आणि मग कॉम्प्युटरनं समोरची वस्तू बघून माणसासारखं सांगायचं, हे तिचं काम. त्या गणिताला ती मॉडेल म्हणते, आणि लाडात आली की आमचं बाळ म्हणते.

बाळ तेव्हा अगदीच बावळट होतं. मी नुसतं घड्याळाकडे बघितलं तर त्यानं सांगितलं, भिंत घड्याळाच्या मागे आहे. बाबांना एकदा ऑफिस दाखवायला नेलं होतं तर म्हणालं, आजोबा चपलांच्या वर आहेत. बाबांना ते इतकं आवडलं की घरी येईपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. मग कुठेबाईनं हौसेनं मला खुर्चीवर बसवून त्याला विचारलं, ताई कुठे आहेत? ते थोडं थांबलं आणि म्हणालं, ताई खुर्चीच्या सर्व बाजूंना आहेत.

हॉलभर माणसं टेबलावर डोकं टेकून हसत होती. माझा तिळपापड झाला. मी चांगली आठवडाभर तिच्याशी बोलले नाही, पण तिला ते कळलंच नाही. ती आपली रोज फोन करून माझी ख्यालीखुशाली विचारायची आणि मीच गप्प असल्यामुळे सगळं स्वतः बोलून ठेवून द्यायची. अशा माणसावर रुसायचं तरी कसं!

मग बाबांचे डोळे गेले. काचबिंदू. सुई ओवता येईना तेव्हा त्यांनी सांगितलं नाही, कापड तिरकं कापलं जायला लागलं तेव्हाही सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात फार काही उरलं नव्हतं. मशीन त्यांनी स्वतःच देऊन टाकलं. ज्या बाईंना त्यांनी शिवण शिकवलं होतं त्यांच्याकडे ते गेलं, तेल घालून, पुसून, नवा पट्टा लावून. खिडकीजवळचा कोपरा रिकामा झाला. भाऊ आणि कुठेबाई बाबांकडे राहायला आले आणि त्यांच्याबरोबर त्यांचं सामानही आलं. सोफा, काचेचं छोटं टेबल, जेवणाचं टेबल, चपलांचा स्टँड. जुनं कपाट गेलं, गिऱ्हाइकांचा आरसा गेला. पण नोकरी दोघांनाही, त्यामुळे सकाळी दार लागलं की संध्याकाळपर्यंत बाबा एकटे.

मी वॉर्डात काय बघते ते मला विचारा. कंबरेचं हाड मोडून आलेली म्हातारी माणसं. मोरीत पाय घसरला, अंधारात स्टूल लागलं, एवढंच निमित्त, आणि पुढे महिनोन्महिने छताकडे बघत पडायचं. एक दिवस बाबांच्या नडगीवर चपलांच्या स्टँडचा हिरवा-निळा डाग बघितला, बस्स. मी जाहीर केलं, बाबा माझ्याकडे येणार. आमचे हे निवृत्त होऊन घरीच असतात, एक खोली मोकळी आहे, सोबत आहे, दवाखाना समोर आहे. याच्यावर कुणी काय बोलणार?

बाबा बोलले. ते म्हणाले, "तुझ्याकडे मी खोलीत राहीन, पोरी. इथे मी घरात राहतो."

मी ऐकणार नव्हते. भाऊ माझ्यासमोर बोलत नाही, लहानपणापासून नाही. पण कुठेबाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, ताई, मला थोडे दिवस द्या. ऑफिसात तिनं साहेबांच्या मागे लागून एक डबी तयार करून घेतली होती, गळ्यात अडकवायची, पुढे कॅमेरा, आत तिचं ते बाळ. विचारलं की वस्तू कुठे आहे ते बोलून सांगणार. मग आमचा सौदा ठरला. महिनाअखेरीला बाबा एक अख्खा दिवस घरात एकटे राहतील. चहा स्वतः करतील, औषधं स्वतः घेतील, कुणाला हाक मारणार नाहीत. जमलं तर तिथेच राहतील. नाही जमलं तर त्याच संध्याकाळी माझ्याबरोबर निघतील, हूं की चूं न करता. बाबांनी मान्य केलं, पण त्यांचा चेहरा उतरला होता तो मी बघितला.

डबी घरी आली त्या दिवशी मी मुद्दाम सुट्टी काढून गेले. बाबांनी ती गळ्यात घातली, टेप घालायचे तशी, आणि विचारलं, पाण्याची बाटली कुठे आहे? डबी म्हणाली, बाटली सोफ्याच्या डावीकडे, छोट्या टेबलावर आहे. बाबा खोलीच्या मधोमध उभे. मग विचारलं, सोफा कुठे आहे? सोफा टेबलाच्या मागे आहे. बरं, टेबल कुठे आहे? टेबल सोफ्याच्या पुढे आहे. बाबा म्हणाले, हे दोघं एकमेकांचे साक्षीदार दिसतात. आम्ही हसलो, पण ते हसले नाहीत. तो सोफा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. डबी त्यांना अनोळखी माणसाचा पत्ता दुसऱ्या अनोळखी माणसाच्या दारावरून सांगत होती. थोड्या वेळानं ते अंदाजानं भिंत चाचपत पलंगावर जाऊन बसले आणि डबी काढून सुनेच्या हातात दिली.

मी मनातल्या मनात त्यांची खोली लावायला घेतली होती. कुठेबाईनं मात्र दुसऱ्याच दिवशी नवं खूळ काढलं. ऑफिसातल्या लोकांची वाक्यं घेऊन चालणार नाही, म्हणे, ह्या घरातली माणसं कशी सांगतात ते हवं. डबी फळीवर ठेवून दिली आणि आम्हाला हुकूम झाला, काहीही ठेवलं, काहीही शोधलं, की ते कुठे आहे ते मोठ्यानं बोलायचं. भावाला लाज वाटायची. बाबा मुकाट्यानं बोलायचे. मी सुट्टीच्या दिवशी जायची आणि खणखणीत आवाजात बोलायची, कारण कोपऱ्यातून माझ्याकडे बघणाऱ्या त्या डबीशी माझं जुनं भांडण होतं.

झालं काय, की हॉलमध्ये बरा चाललेला तो डबीतला पोरगा आमच्या घरात पार वेडा झाला. चहाचा कप विचारावा तर रिकाम्या जमिनीबद्दल बोलायला लागायचा, टॉवेल विचारावा तर खिडकीजवळच्या हवेत काहीतरी शोधत बसायचा. कुठेबाईच्या नाकी नऊ आले. कॅमेरा बदलला, गणित पुन्हा तपासलं, साहेबांची बोलणी खाल्ली. महिना सरत आला होता. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी ती कानाला हेडफोन लावून आमची सगळी बडबड पहिल्यापासून ऐकत बसली, आणि जेवताना तिनं हातातला घास तसाच ठेवला.

तिनं आमचे आवाज आम्हालाच ऐकवले. बाबा म्हणत होते, काठी मशीनपाशी ठेवली. भाऊ म्हणत होता, चार्जर मशीनच्या वरच्या खिळ्याला आहे. मी म्हणत होते, ओला टॉवेल मशीनमागच्या दोरीवर टाकलाय. आणि मग एक हसरा आवाज आला, किल्ल्या मशीनच्या पलीकडे राहिल्या. तो तिचा स्वतःचा होता.

आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. मशीन जाऊन किती दिवस झाले होते, आणि आम्ही डोळसांनी अख्खं घर अजून त्यालाच टांगून ठेवलं होतं. कॅमेऱ्याला ते दिसणार कुठून? तो बिचारा प्रामाणिकपणे शोधत होता आणि त्याचं डोकं फिरत होतं. ऑफिसात आलेल्या कुठल्याच माणसानं असली चूक केली नव्हती. ती आमच्याच घराला जमायची होती.

बाबांनी हातातला पेला खाली ठेवला. अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुम्हीपण म्हणता? मला वाटलं, माझंच डोकं चाललं."

मला तेव्हा गलबलून आलं. इतके दिवस हा माणूस मनात ही भीती घेऊन बसला होता आणि आम्ही त्याच्या नडगीवरचे डाग तपासत होतो. कुठेबाईला मात्र रडायला फुरसत नव्हती. उष्ट्या हातानंच ती उठली, बाबांचा हात धरून त्यांना त्या रिकाम्या कोपऱ्यात नेलं, स्टूल देऊन बसवलं आणि म्हणाली, बाबा, आता इथून सांगा, सगळं कुठे आहे. आणि बाबा सांगत सुटले. समोर गिऱ्हाइकांचा आरसा. आरशाच्या बाजूला कपाट, त्याचा खालचा कप्पा अडकतो. कातरीच्या हाताला स्वयंपाकघराचं दार. शिवून झालेले कपडे टांगायची दांडी. कापड कापायचा फळा. त्यांचा हात हवेत फिरत होता आणि घर उभं राहत होतं. जेवणं तशीच निवत पडली आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

ते सगळं तिनं बाळाच्या डोक्यात भरलं. साहेब नाराज होते. जी वस्तू नाही ती आहे म्हणून सांगायची म्हणजे यंत्राला खोटं बोलायला शिकवणं, असं त्यांचं म्हणणं. ती म्हणाली, वस्तू नसेल, जागा आहे ना? आणि ऐकणाऱ्याला ती ठाऊक आहे. साहेबांनी मान डोलावली की कंटाळले, ते मला माहीत नाही. डबीनं डावं-उजवं म्हणायचं नाही, कातरीचा हात आणि दुसरा हात असंच म्हणायचं, हेही तिनं ठरवून टाकलं. बाबांना सोपं जावं म्हणून, असं ती म्हणते. माझ्या मते तिच्या स्वतःच्या सोयीसाठी.

आणि काय सांगू, बाबा चालायला लागले. बाटली मशीनच्या समोर, हातभर अंतरावर, असं डबी म्हणायची आणि बाबा तरातरा जाऊन बाटली उचलायचे. सोफा म्हणजे आता आरशाच्या जागेवरची मऊ वस्तू झाली. चपलांचा स्टँड कपाटाच्या पायाशी आला. बाबा डबीची मस्करी करायला लागले, तिला चकवायला वस्तू लपवायला लागले. सून घरी आली की तिच्या हरवलेल्या वस्तूही तेच शोधून द्यायचे, आणि तिला रोज काहीतरी हरवायचंच. घरातून हसण्याचे आवाज यायला लागले म्हणून शेजारच्या बाई चौकशीला आल्या.

माझं समाधान झालं होतं का? नाही. मी एकच विचारलं, उद्या एखादी मोठी वस्तू हलली तर? जुनं घर पाठ आहे, पण घर काय जुनंच राहणार आहे? कुठेबाईनं सांगितलं की डबीला आत्ताचं दिसतं आणि जुनं पाठ आहे, ती दोन्हीची सांगड घालेल. मग खरं बोलायची खोड असल्यामुळे पुढे म्हणाली, पण मोठं काही हलवून बघायला वेळ मिळाला नाही, ताई. मी म्हटलं, हेच.

तो दिवस उजाडला. सकाळी भाऊ आणि कुठेबाई कामाला गेले, बाबांनी आतून कडी न लावता दार लोटलं. मी घरात जायचं नाही असं ठरलं होतं. जिन्यात बसायचं नाही असं कुठे ठरलं होतं? मी दारासमोरच्या पायरीवर पदर सावरून बसले आणि कान दाराला लावले. थोड्या वेळानं जिन्यात पावलं वाजली. बघते तर कुठेबाई. ऑफिसात पोचून परत आली होती, म्हणाली, लक्षच लागेना. मग आम्ही दोघी चोरासारख्या एका पायरीवर. तिनं पिशवीतून बिस्किटं काढली. आम्ही ती आवाज न करता खायचा प्रयत्न केला.

आतून सगळं ऐकू येत होतं. बाबा गुणगुणत होते. औषधाचा डबा उघडल्याचा आवाज आला, पाणी पिऊन झाल्यावरचा तो त्यांचा नेहमीचा हुंकार आला. माझा जीव भांड्यात पडायला आला होता, तेवढ्यात कुठेबाईचा फोन थरथरला. भाऊ होता. फार खुशीत होता, मला पलीकडून ऐकू येत होतं. आज बाबांना अडचण नको म्हणून तू निघाल्यावर हळूच जेवणाचं टेबल मधून उचलून बाजूला केलंय, म्हणाला, चालायला कसं मोकळं रान. कुणाला सांगितलं नाही, गंमत म्हणून.

हा मुलगा मदतीला धावला की मला लहानपणापासून धडकी भरते. बाबा चहा त्या टेबलावर नेऊन पितात. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज येत होता, चहा उकळल्याचा वास जिन्यापर्यंत आला होता. म्हणजे आता ते गरम कप हातात घेऊन निघणार, खोलीच्या मध्यावर येऊन कप टेबलावर ठेवणार, आणि टेबल नाही. भाजलेली माणसंही मी बघितली आहेत. मी उठून बेलवर बोट ठेवलं.

कुठेबाईनं माझं मनगट धरलं. "ताई, आत गेलात तर ते हरतील. तुम्ही नाही, मी नाही. ते."

मी बोट काढलं नाही, पण दाबलंही नाही. आत चपलांचा आवाज आला, सावकाश. खोलीच्या मध्यावर येऊन तो थांबला. मग काहीच नाही. तो वेळ माझ्या आयुष्यातून कुणी वजा केला तर माझी हरकत नाही. मग बाबांचा आवाज आला. घाबरलेला नव्हता, जरा चिडलेला होता. "टेबल कुठे गेलं?"

डबी गप्प राहिली. कुठेबाईचे ओठ हलत होते, परीक्षेला बसलेल्या पोराच्या आईचे हलतात तसे. आणि मग डबी म्हणाली, "टेबल मशीनच्या जागी आहे."

कुठेबाईचं तोंड उघडंच राहिलं. तिनं माझ्या कानाशी येऊन सांगितलं की हे वाक्य कुणी शिकवलेलं नाही, कुणाच्याच बोलण्यात असं वाक्य आलेलं नाही. नव्या घरातली वस्तू त्यानं आपणहून जुन्या घरातल्या जागेवर ठेवून सांगितली होती. मला त्यातलं निम्मं तेव्हा कळलं. माझा सगळा जीव कानात होता. आत बाबा मोठ्यानं हसले. आणि मग चपला चालायला लागल्या, न चाचपडता, न थांबता, जन्मभर चाललेल्या वाटेनं त्या कोपऱ्याकडे. कप टेकल्याचा आवाज आला. खुर्ची ओढल्याचा आला.

थोड्या वेळानं एक बारीकसा ठेका ऐकू यायला लागला. मी आधी ओळखला नाही. मग ओळखला आणि तिथेच पायरीवर बसून ढसाढसा रडले. चहा पिता पिता बाबांचा पाय जमिनीवर पायडल मारत होता. लहानपणी रोज त्या आवाजावर आम्ही झोपायचो. कुठेबाई मला गप्प हो म्हणून माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि स्वतः माझ्याहून मोठ्यानं मुसमुसत होती. इतका आनंद मला कधी झाला असेल तर आठवत नाही, आणि लपवायला तोंडावर धरायला होता तो बिस्किटाचा कागद.

संध्याकाळी आम्ही सगळे आत्ताच आल्यासारखे आलो. बाबा शांतपणे बसले होते. जिन्यात दिवसभर कुठल्या मांजरी भांडत होत्या कोण जाणे, एवढंच म्हणाले. मग टेबल कोणी हलवलं ते विचारलं. भावानं मान खाली घालून कबूल केलं. मला वाटलं आता बोलणी बसणार, पण बाबा म्हणाले, राहू दे तिथेच, दुपारी हातावर ऊन येतं. मीही म्हणून टाकलं, राहा बाबा इथेच, पण औषधाच्या वेळा चुकल्या तर माझ्याशी गाठ आहे. माझ्या तोंडून ते जितकं कडक निघायला हवं होतं तितकं निघालं नाही. कुठेबाईनं मला मिठी मारली. चुकून माझ्या पायावर पाय देऊन मारली, पण मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात माझा चष्मा सापडेना. टेबल झालं, ड्रॉवर झाला, एप्रनचे खिसे झाले. चष्म्याशिवाय मला सलाइनच्या बाटलीवरचं अक्षर दिसत नाही. दुसऱ्या सिस्टरच्या गळ्यात काम टाकलं आणि घरी फोन केला, आमच्या ह्यांनी शोधलं, नाही. मग बाबांकडे केला. कुठेबाईनं उचलला. काल संध्याकाळी तिथे डोळे पुसताना काढून कुठे ठेवला कोण जाणे, मी म्हटलं, बघ जरा. ती बघते म्हणाली, आणि फोन बाबांच्या हातात देऊन गेली. मागून दारं उघडल्याचे, उशा फेकल्याचे, काहीतरी पडल्याचे आवाज यायला लागले.

बाबांनी फोन तोंडाजवळ घेतला आणि आवाज अगदी खाली आणला.

"साखरेच्या डब्यामागे आहे तुझा चष्मा. मला सकाळीच कळलं. पण तिला सांगू नकोस इतक्यात. बघू या, किती वेळ लावते."

मी म्हटलं, बरं. आणि मी वॉर्डाच्या दारात, बाबा तिकडे फोनशी, असे आम्ही दोघं मिळून ऐकत राहिलो.